वज्री

राखेच्या बुधवारी, चाळीस दिवसांच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, सकाळच्या मिस्सेहून आबा आले ते कपाळावरचा राखेचा क्रूस न पुसता. उंबऱ्याबाहेर त्यांनी वहाणा काढल्या, एकीवर एक आपटून माती झाडली आणि दारामागच्या खिळ्याला टांगल्या.

"आता ईस्टरलाच खाली घेयाच्या," ते म्हणाले.

आबा म्हणजे माझे सासरे, कडूबा. बाप्तिस्म्याचं नाव पावलस, पण त्या नावानं त्यांना फक्त फादर हाक मारत. हिंगणवाडीच्या मिशनवाड्यात कुणीही मेलं की खड्डा आबाच खोदायचे. कुदळ, पहार आणि पावडं त्यांच्या खाटेखालीच असायचं.

मी तेरेजाला मांडीवर घेऊन भरवत होते. म्हटलं, "आबा, कांदा काढणी चालू आहे. शेतात सराटे आहेत, पळाटीचे सड आहेत. अनवाणी कसे जाणार?"

"तुला कोन इच्यारलं?" चुलीपुढून सासूबाई म्हणाल्या. "पोर कुनाची हाय? तुझीच ना? तिच्याचसाठी बोललेत ते."

ते खरंच होतं. नाताळाच्या तोंडावर तेरेजाला न्युमोनिया झाला. सव्वा वर्षाची पोर, श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडायचा. औरंगाबादला नेलं, नळ्या लावल्या. मी तिच्या छातीकडे बघत बसून असायचे. वर आली की खाली जाईल ना, खाली गेली की वर येईल ना. इकडे गावात आबा मरियामातेच्या गुहेपुढं गुडघे टेकून बोलले होते की पोर घरी आली तर उपवासकाळभर पायांत काही घालणार नाही. पोर घरी आली. औषधांनी आली, असं मी मनात म्हणायचे. तोंडानं म्हणायची हिंमत नव्हती. त्या नळ्यांशेजारी बसून जपमाळ तर मीही ओढलीच होती.

*

कांदे तात्यासाहेबांच्या मळ्यातले. मी माहेरची औरंगाबादच्या छावणीतली, बी.ए. झालेली, पण लग्नानंतर दोन हंगामांत खुरप्यानं माझ्याही बोटाला घट्टे पडले होते. सासूबाई आणि मी वाफ्यात बसून कांदा उपटायचो, आबा पातीसकट गोळा करून बांधावर ढीग लावायचे. माझा नवरा बन्सी तात्यासाहेबांच्याच ट्रॅक्टरवर होता. तेरेजा लिंबाच्या झोळीत.

शेजारची भागूबाई आमच्याच वाफ्याला असायची. तिला गप्प बसवत नसे.

"कडूबाभाऊ, वहाना गहान टाकल्या व्हय?"

"देवाकडं टाकल्यात."

"मंग याज लई लागंल बरं. मोठा सावकार हाय तो."

बाया हसल्या. आबाही हसले. ढेकळांवरून ते असे चालत होते जणू जमीन शेणानं सारवलेली आहे. मला ते बघवत नव्हतं आणि नजरही काढता येत नव्हती.

दुपारी लिंबाखाली भाकरीला बसलो तेव्हा त्यांनी पाय पुढं पसरले. डाव्या टाचेत बाभळीचा काटा मोडला होता. वरचं काळं टोक दिसत होतं, भोवतीची कातडी भिजल्यासारखी पांढरी पडली होती.

"आबा, काटा."

"कुठं?" म्हणून त्यांनी उजवा पाय उचलून बघितला.

मी माझ्या मंगळसूत्राची पिन काढली, पोटरी धरली आणि काटा उकरायला लागले. चांगला खोल होता. निघाला तेव्हा मागून पिवळं पाणी आलं. आबा भाकरी खात होते. मी पिनेचं टोक मुद्दाम शेजारी, बऱ्या कातडीत टोचलं.

"मनकर्णे, ठेचा दे गं थोडा," आबा सासूबाईंना म्हणाले.

"आबा, दुखत नाही तुम्हाला?"

"कष्टाचा पाय हाय, बाई. त्याला काय दुखतंय."

माझे वडील छावणीतल्या कॉन्व्हेंटात आचारी होते, त्यांना साखर होती. त्यांचेही पाय असेच मुके झाले होते. मग एकेक आठवायला लागलं. आबा रात्री उशाशी तांब्या भरून घेतात आणि पहाटे तो रिकामा असतो. न्हाणीच्या ज्या दगडाशी ते बसतात तिथं मुंग्या लागतात. सासूबाई त्या मुंग्यांवर राख टाकून मोकळ्या व्हायच्या.

त्या रात्री बन्सीला सांगितलं. दिवसभर स्टिअरिंग धरून त्याचे खांदे भरून आले होते.

"ईस्टर होऊ दे. मंग नेऊ औरंगाबादला, तपासू."

"अहो, तोवर ते अनवाणी फिरतील."

"मी सांगू त्यांना? देवाला दिलेला शबूद मोडा म्हनून? तूच सांग."

मी आबांना नाही सांगितलं, फादरना सांगितलं. फादर केरळकडचे, तरुण, मराठी नुकतंच शिकलेले. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि त्याच संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसले.

"पावलसकाका, चप्पल घाला. मी सांगतो. देव रागावणार नाही."

आबांनी हात जोडले. "फादर, तुमी मोठ्या मनानं म्हनता. पन मी तुमाला थोडाच बोललो व्हतो?"

फादरचे डोळे भरून आले. रविवारी प्रवचनात त्यांनी आबांचं नाव घेतलं. म्हणाले, मी तुम्हाला विश्वास शिकवायला आलो, आणि तुमच्यातलाच एक म्हातारा मला शिकवतो. सगळ्या देवळानं मागं वळून आबांच्या पायांकडं बघितलं. आता त्या पायांत वहाणा कोण घालणार होतं?

*

पवित्र आठवडा आला. ऊन असं की बारा वाजता मातीवर हात ठेववत नव्हता. गुरुवारच्या चारच दिवस आधी बद्रीनाथ मास्तर आले. मास्तर मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेले, धर्मग्रामाच्या, म्हणजे देवळाखालच्या सगळ्या ख्रिस्ती वस्तीच्या, कमिटीचे चिटणीस. खाटेवर बसताना आधी रुमाल अंथरायचे.

पवित्र गुरुवारी संध्याकाळी वेदीपुढं बारा खुर्च्या मांडतात. बारा प्रेषित म्हणून वाड्यातले बारा जण बसतात आणि येशूनं शिष्यांचे धुतले तसे फादर खाली वाकून त्यांचे पाय धुतात, पुसतात, चुंबन घेतात. शेवटची, बारावी खुर्ची आमच्या घराकडं आबांच्या बापापासून चालत आलेली. पोरं तिला यहूदाची, येशूला धरून देणाऱ्याची, खुर्ची म्हणून चिडवायची. आबा म्हणायचे, "आसंना का. त्याचेबी पाय धुतले व्हते देवानं."

वर्षात तेवढा एक दिवस कुणी त्यांच्यापुढं वाकायचं.

"यंदा बिशपस्वामी स्वतः येतायत, कडूबा," मास्तर म्हणाले. "पाय तेच धुणार."

"देवाची कुरपा."

"ते झालं. पण मागच्या वर्षीचा टॉवेल आठवतोय ना?"

आबांनी मान खाली घातली. मागच्या वर्षी पाय पुसताना पांढऱ्या टॉवेलवर आबांच्या भेगांतली काळी माती उतरली होती. मागच्या बाकावरची पोरं फिस्सकन हसली होती, आणि फादरनी टॉवेलची दुसरी बाजू करून घेतली होती.

"अनवाणी राहणं तुमचं आणि देवाचं. टॉवेल मात्र सगळ्या धर्मग्रामाचा असतो. पाय चांगले घासून या. नाही जमणार तर तसं सांगा. एका वर्षापुरतं दुसऱ्याला बसवू. त्यात कमीपणा नाही."

"घासतो, मास्तर."

मला राहवलं नाही. "मास्तर, पाय धुवायलाच बसवता ना? मग धुतलेले कशाला पाहिजेत?"

मास्तर हसले, आबांकडे बघूनच म्हणाले, "सुनेला समजावा, कडूबा. विधी असतो तो. आंघोळ नव्हे."

ते गेल्यावर सासूबाई माझ्यावर बरसल्या. "मोठ्या मान्सापुढं बोलती! खुर्ची गेली म्हंजी? यंदा त्यांना बसायचंच हाय. पोर वाचली त्याचं उपकार मानायला तीच एक जागा हाय त्यांची."

"आत्याबाई, त्यांच्या टाचेला जखम आहे. साखर असेल तर..."

"पुन्यांदा साखर साखर करू नको. या घरात च्यालाबी गूळ आसतोय."

*

गुरुवारी दुपारी न्हाणीत पितळी वज्री निघाली. सासूबाईंच्या आईनं कधीकाळी शहागंजातून आणलेली. वर मोराची मूठ, खाली करवतीसारखे दाते. एरवी ती फळीवर पडून असायची, लग्नाकार्याला पाय घासायला निघायची.

घमेल्यात ऊन पाणी आणि धुण्याचा सोडा. आबा दगडावर बसून पाय भिजवत होते आणि हलक्या आवाजात उपवासकाळातलं गाणं म्हणत होते. सासूबाईंनी पदर खोचला, एक पाय मांडीवर घेतला आणि घासायला सुरुवात केली. आधी काळं पाणी निघालं. मग कातडीचा पांढरा भुगा. खरवडल्याचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू येत होता.

"दुखतंय का?"

"नाय. घास."

"चांभाराचं चामडं बरं तुमच्यापरीस. बिशपसायेबाच्या व्हटाला टोचंल ना."

"मंग घास की."

आबा हसत होते. दोघंही हसत होती. इतकी वर्षं संसार करून त्या माणसाचे पाय त्या बाईनं एवढ्या मायेनं कधी हातात घेतले असतील, मला माहीत नाही. मी पाणी आणायच्या निमित्तानं न्हाणीत गेले, आणि घमेल्यातलं पाणी गुलाबी झालेलं बघितलं.

"आत्याबाई, थांबा! रक्त येतंय."

मी त्यांचं मनगट धरलं. त्यांनी झिडकारलं. "भेगीतून येतच आसतं. चार बुकं शिकली म्हनून रगत काय तूच पाह्यलं?"

पण त्याही घाबरल्या होत्या. डाव्या टाचेची भेग बोटभर उघडली होती, आणि काट्याच्या जागी आत काळपट खड्डा होता. पांढरा टॉवेल त्यांच्याही डोळ्यांपुढं आलाच असणार. त्या उठल्या आणि फेब्रुवारीत मरियामातेच्या सणाला फादरनी मंतरून दिलेली मेणबत्ती घेऊन आल्या. आमच्याकडं ती जपून ठेवतात, वीज कडाडली की लावतात, माणूस जायला लागलं की लावतात. त्यांनी ती पेटवली, पळीत मेण वितळवलं, त्यात राळ घातली, आणि ते कढत मेण भेगेत ओतलं. वरून अंगठा फिरवून गुळगुळीत केलं.

"आगं भाजंल ना!" असं म्हणायला हवं होतं त्या माणसानं. ते म्हणाले, "बेस झालं. जनू नवी टाच."

मी बन्सीला शेतावरून बोलावून आणलं. त्यानं पाय बघितला, आईकडे बघितलं, बापाच्या चेहऱ्याकडे बघितलं. बाप दाढी करून, धुतलेलं धोतर नेसून बसला होता.

"आता चार घंट्याचा सवाल हाय," बन्सी म्हणाला.

*

देऊळ भरलं होतं. बारा खुर्च्यांवर बारा जण, उजवा पाय वहाणेत, डावा उघडा. आबांचे दोन्ही उघडे. बिशपस्वामींनी कमरेला टॉवेल बांधला, एकेकापुढं गुडघा टेकत शेवटच्या खुर्चीशी आले. वयस्कर माणूस, धाप लागली होती. आबांचा डावा पाय त्यांनी तळहातावर घेतला, वर पाणी सोडलं, हळुवार पुसला. मग वाकले आणि ओठ टेकवले.

आबांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. सासूबाईंनी माझा हात गच्च दाबला.

"पाह्यलं?"

मी टाचच बघत होते. मेण दिव्यांच्या उजेडात चमकत होतं. टॉवेलवर डाग नव्हता. बद्रीनाथ मास्तरांनी लांबूनच आबांकडे बघून मान हलवली.

शुक्रवारी क्रुसाच्या वाटेला आबा अनवाणीच गेले, देवळापासून टेकडीपर्यंत आणि परत. शनिवारी अंगात ताप. म्हणाले, ऊन लागलं. रविवारी पहाटे ईस्टरच्या घंटा वाजल्या तेव्हा त्यांनी खिळ्यावरून वहाणा काढल्या. उजवी घातली. डावी शिरेना. पोटरीपर्यंत पाय तांबडा होऊन फुगला होता. मी खाली बसून मेणाच्या कडेला नख लावलं. मेणाचा तुकडा झाकणासारखा निघाला, आणि वासानं तेरेजा रडायला लागली.

औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "हे जखमेत काय भरलं होतं?"

सासूबाईंनी पदर तोंडात कोंबला होता.

साखर मोजायच्या यंत्रावर आकडा आला नाही. यंत्राच्या पलीकडची होती. दोन दिवस त्यांनी पाय राखायचा प्रयत्न केला. मग गुडघ्याखाली कापला.

शुद्धीवर आल्यावर आबांनी बन्सीला जवळ बोलावलं. "पाय कुठं हाय?"

"हाय. ते लोक लावतेत इल्लेवाट."

"इथं टाकू नको. बाप्तिस्मा झालेला पाय हाय. गावी ने."

बन्सीनं अर्ज केला, हातापाया पडला. संध्याकाळच्या जीपनं तो पाय कापडात, कापड पिशवीत, पिशवी मांडीवर असा घेऊन आला. शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, "मटन हाय का, दादा?" तो म्हणाला, "नाय मावशी. बाप हाय."

*

वाड्यात खड्डा खोदणारं दुसरं कुणी नव्हतं. बन्सीनं खाटेखालून बापाची कुदळ आणि पहार ओढून काढली. वरची माती निघाली, खाली मुरूम लागला. पहार नुसती ठणठण वाजत होती. ट्रॅक्टर चालवणाऱ्या हाताला फोड आले. गुडघाभर खड्डा व्हायला सकाळ गेली.

फादर आले, शुभ्र झगा घालून. त्यांचा चेहरा उतरला होता. आता वाटतं, त्यांना प्रवचन आठवत असेल. पण प्रार्थना तर करायलाच हवी होती, आणि ती त्यांना जशी येत होती तशी त्यांनी केली.

"आपला बंधू पावलस याचे प्राण प्रभूने राखले. त्याबद्दल आपण देवाचे आभार मानू या."

"देवाला धन्यवाद," सगळे म्हणाले. सासूबाईही म्हणाल्या, हुंदक्यातून.

मी म्हणाले नाही. पोर कडेवर होती, तिचा श्वास मानेला लागत होता, आणि माझे ओठ हलले नाहीत. मागं भागूबाई कुणाला तरी म्हणत होती, "बया! हिच्याच पोरीपायी झालं, आन हीच मुकी."

*

आबा कुबडीवर आले. खड्डे खोदणं गेलं. कुणी मेलं की बन्सी खोदायचा आणि आबा कडेला बसून इथं मार, तिथं मार सांगायचे. एकदा आपल्या पायाच्या जागेकडं बोट करून म्हणाले, "आपली निम्मी सोय झाली." कुणी हसलं नाही. तेच हसले. खिळ्याला डावी वहाण तशीच लटकत होती. एका वहाणेला कोण घेणार?

सासूबाई त्यांना पाणी मागायच्या आत देत. वज्रीकडं बघत नसत.

पुन्हा उपवासकाळ आला. पुन्हा रुमाल अंथरून मास्तर बसले.

"यंदा बन्सीला बसवू या, कडूबा. खुर्ची तुमच्याच घरात राहील."

आबा म्हणाले, "माझा एक हाय की, मास्तर. उजवा."

"हाय हो. पण लोकांचं लक्ष विधीवर राहायला पाहिजे. सगळे तिकडंच बघतील. बरं दिसत नाही."

आबांनी कुबडी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "बरं. बसंल बन्सी."

गुरुवारी दुपारी न्हाणीतून बन्सीचा आवाज आला, "आये, हळू की! सोलती का काय?" सासूबाईंनी वज्री फळीवरून काढलीच होती. त्याला दुखत होतं, तेवढं मला पुरेसं होतं.

संध्याकाळी सगळे देवळात गेले. सासूबाई मला म्हणाल्या, "तू?" मी म्हटलं, आबांजवळ कुणीतरी पाहिजे. त्यांनी जास्त विचारलं नाही.

आबा ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते. देवळाच्या कर्ण्यावरून गाणं येत होतं. बारा जण आता ओळीनं बसले असतील, पहिल्या खुर्चीपुढं फादर गुडघा टेकत असतील. आबा ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होते. प्रार्थना की खुर्च्यांचा हिशेब, कळलं नाही. तेरेजा अंगणात कोंबडीमागं पळत होती. पळता पळता मटकन खाली बसली.

आबांनी कुबडी टाकली आणि ओट्यावरून फरफटत खाली आले. इतक्या घाईनं की मला उठायलाही वेळ मिळाला नाही. तिला ओढून मांडीवर घेतलं, तळपाय उजेडाकडं धरला. सराटा रुतला होता. त्यांनी तो काढला नाही. शेजारी अंगठा ठेवला आणि दाबला.

"दुखतंय?"

तेरेजानं किंकाळी फोडली.

"बोल ना माय. दुखतंय का?"

"दुखतंऽय!" ती पाय झाडायला लागली, त्यांच्या हाताला चावली.

"लई?"

"लईऽऽ!"

आबांनी तिचा पाय दोन्ही हातांत धरला आणि कपाळाला लावला. कर्ण्यावरचं गाणं संपून प्रार्थना सुरू झाली होती, पण त्यांचं तिकडं ध्यान नव्हतं.

"तुझं लई उपकार, बापा," ते म्हणत होते. "दुखतंय तिला. लई उपकार."

मग मला म्हणाले, "रजिना, पिन आन."

मी मंगळसूत्राची पिन काढली.